दारावरच्या वन्सं

माझ्या नणंदबाई माणसाकडे बघायला पायांपासून सुरुवात करतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाही त्यांनी आधी माझ्या चपला बघितल्या, मग माझा चेहरा. त्या काळी घरातले याला खवचटपणा म्हणायचे. पुढे याच सवयीवर त्यांना नोकरी मिळाली, आणि मग कुणी काही म्हणेनासं झालं.

मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली हा शब्द कुणी वापरत नाही, माझी मुलगी तर ऐकून हसते. सुरुवातीला मीही चिडवायलाच म्हणत होते, मग तोंडात बसला. माझा नवरा त्यांना ताई म्हणतो आणि त्या त्याला धाकट्या म्हणतात, त्याच्या डोक्यावरचे केस गेले तरी. आई लवकर गेली तेव्हा वन्संनीच शाळा सोडून त्याला वाढवलं. त्यांचा स्वतःचा संसार मात्र टिकला नाही. नवरा एका सकाळी दाढी करून कामाला म्हणून निघाला आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईच्या घरी पोचला. वन्सं त्यावर एकच वाक्य बोलतात, "दाढी मात्र नीट करून गेला."

मग त्यांनी कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम धरलं. कपडे घालून बघायच्या खोल्यांबाहेर उभं राहायचं, आत किती कपडे गेले आणि बाहेर किती आले ते बघायचं. तिथून त्या बारच्या दारावर आल्या. आमच्या गल्लीपासून बसने थोडं लांब, ऑफिसांच्या भागात कोपऱ्यावर हा बार आहे. काळ्या काचा, दोन पायऱ्या, जड दार. आधी बायकांच्या पर्स तपासायला म्हणून त्यांना घेतलं. हळूहळू दारच त्यांच्याकडे आलं.

शेजारणींनी नाकं मुरडली. वन्सं एकीला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बारमध्ये नाही, बारच्या दारात. आत काय चालतं ते तुझ्या नवऱ्याला विचार. मी आत जात नाही."

त्या खरंच आत जात नव्हत्या. दारावरच्या माणसांनी बाजूच्या फाटकाने यायचं, कपडे बदलायच्या खोलीत काळा कोट चढवायचा आणि बाहेरून वळसा घालून पुढच्या दारात उभं राहायचं. चहासुद्धा बाहेर येई. गिऱ्हाइकं बसलेला हॉल त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. पाहिला तो सकाळच्या मीटिंगला, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना.

पण दाराशेजारची पितळी पाटी त्यांना पाठ होती. पायात बंद बूट हवेत, चप्पल-सँडल चालणार नाही. पुरुषांना कॉलर हवी. अर्धी पँट चालणार नाही. या पाटीवर वन्संचा जो विश्वास होता तो मी त्यांचा कशावरच पाहिलेला नाही, देवावर तर नाहीच. "पाटी सगळ्यांना सारखी," त्या म्हणायच्या. "गाडी किती मोठी आहे ते पाटी बघत नाही. बूट घालून ये, मी दार उघडते. रिक्षावाला आला तरी उघडते."

"आलाय का कधी रिक्षावाला?" मी विचारलं होतं.

"बूट घालून नाही आला."

लोक त्यांच्यावर खार खाऊन असत. फोनवर बारबद्दल लोक जे बरंवाईट लिहितात ते माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी त्यांना वाचून दाखवायची. जेवण चांगलं, बारवाला हसतमुख, संगीत जरा मोठं, आणि मग हमखास, दारावरची बाई उद्धट. "दारावरच्या बाईने माझ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर परत पाठवलं." "दारावर जणू फौजदार उभा केलाय." हे ऐकून वन्सं इतक्या खूश झाल्या की आम्ही त्यांना फौजदारबाईच म्हणायला लागलो. "लिहू देत," त्या म्हणायच्या. "चपलेत आलेल्याने माझं कौतुक केलं तर मी काम काय केलं?"

त्यांच्या जोडीला दारावर एक पैलवान होता. बोलायचा कमी, दिसायचा जास्त. त्यांच्यात वाटणी होती. पायांपासून कॉलरपर्यंत वन्सं. टेबलांचं पैलवान. कधी कधी कपडे चोख असलेल्या माणसालाही तो पुढे होऊन सांगायचा, "सॉरी सर, आज सगळं राखीव आहे." आत मॅनेजर कॅमेऱ्याच्या पडद्यांसमोर बसलेला असे आणि दोघांच्याही कानातल्या वायरीत बोलत असे. आत टेबल उरलं नाही की तो सांगतो, अशी वन्संची समजूत. समजूत म्हणजे काय, खात्रीच. टेबलं काही त्यांना दिसत नव्हती.

या वायरीने त्यांना एक सवय लावली होती. कानात आलेली सूचना मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे आतल्याला कळतं की बरोबर ऐकू आलं. "ओके सर, टॅक्सी बोलवायची." "ओके सर, निळ्या शर्टवाल्यांची पर्स राहिली." घरीही तेच. मी म्हणावं, वन्सं, गॅस बंद करा. "ओके, गॅस बंद." माझा नवरा हसून लोळायचा.

तो फर्निचरला पॉलिश करतो. शांत माणूस आहे. मी रागावले तरी तो लाकडावरून हात फिरवत राहतो. पॉलिश त्याच्या बोटांत मुरलंय. नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेघा, सगळं तपकिरी. 

आमची मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. तिथे नंबर काढायला आलेला एक मुलगा पुन्हा पुन्हा यायला लागला आणि त्याचे डोळे काही इतके खराब नव्हते. विम्याच्या ऑफिसात नोकरी, बोलायला गोड. दोघांचं ठरलं. आता आईवडिलांनी भेटायचं राहिलं. त्याच्या वडिलांचं नळ-बेसिनचं मोठं शोरूम आहे, म्हणून आम्ही घरात त्यांना शोरूमवालेच म्हणायचो. त्यांचा निरोप आला की घरी कशाला त्रास, बाहेरच भेटू, आमची एक नेहमीची जागा आहे.

नेहमीची जागा म्हणजे वन्संचा बार.

मी म्हटलं, दुसरीकडे ठरवू. वन्सं मात्र फुलल्या. "का दुसरीकडे? माझ्या दारातून माझा भाऊ ताठ मानेने आत जाईल. मुलीच्या सासऱ्याबरोबर बरोबरीने बसेल. मी बघते कोण काय म्हणतं." मग त्यांनी त्याच्याकडे पायांपासून वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात शाळा भरली. बूट आणले, ते चावायला लागले. वन्सं त्याला बोळातून चालायला लावायच्या.

"पाय घासू नकोस धाकट्या. खाली बघू नकोस. हात खिशात नको."

"मग कुठे ठेवू?"

"लोंबू देत. आणि माझ्याकडे बघायचं नाही."

"का?"

"गिऱ्हाईक दारावरच्या माणसाकडे बघत नाही. जो बघतो तो नवखा."

"तायडे, तू मला लहानपणी आंघोळ घालायचीस, तेव्हाही इतकं छळलं नव्हतंस."

"तेव्हा तू कुठे आत जाणार होतास? गप चाल."

टर्पेंटाइन घेऊन त्यांनी त्याची बोटं घासली. कातडी लाल झाली, रंग होता तिथेच राहिला. शेवटी त्याने हात सोडवून घेतला. "हे जाणार नाही ताई. हे आता माझंच आहे." वन्सं म्हणाल्या, "असू दे. हातांचं पाटीवर काही लिहिलेलं नाही."

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा बाहेर चांगला उजेड होता. मुलगी परस्पर कामावरून त्या मुलाबरोबर आली होती. ती सगळी आत बसली आहेत असा तिचा फोन येऊन गेला होता. दारात चारपाच माणसं होती. वन्सं काळ्या कोटात, केस घट्ट बांधलेले, कानात वायर. मी त्यांना इतक्या वर्षांत कामावर कधी पाहिलंच नव्हतं. घरात त्या ठेंगण्या वाटतात. तिथे वाटत नव्हत्या.

आमचा नंबर आला. माझा नवरा सांगितल्याप्रमाणे समोर बघत उभा राहिला. वन्संनी त्याच्या बुटांकडे बघितलं, पँटकडे, पट्ट्याकडे, कॉलरकडे. घरात हजारदा बघितलेलंच, पण आता अगदी कामाचं बघणं. मग त्यांनी हात दाराकडे केला. "या सर. या मॅडम." आवाजात इतका आनंद होता की मला भीती वाटली, पैलवानाला कळेल.

तेवढ्यात त्यांच्या कानात काहीतरी आलं. त्यांचा हात तसाच राहिला.

पैलवान आमच्यापुढे आला. "सॉरी सर, आज सगळं राखीव आहे."

"आमची माणसं आत बसली आहेत," माझा नवरा म्हणाला. "त्यांचंच टेबल आहे."

"हो सर. पण आज राखीव आहे."

"अहो, तेच राखीव टेबल," मी म्हटलं.

आमच्या मागून एक तरुण पुढे आला. पायात रबरी चप्पल, अर्धी पँट. वन्सं सवयीने म्हणाल्या, "सर, चप्पल." पैलवान हळूच म्हणाला, "ओळखीचे आहेत," आणि दार उघडलं. तो फोनवर बोलतच आत गेला. त्याने खरंच आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही.

वन्संनी कोटाच्या कॉलरला लावलेल्या माइकचं बटण दाबलं. "सर, ड्रेस बरोबर आहे. बंद बूट आहेत, कॉलर आहे. मी चेक केलंय."

कानात उत्तर आलं. आम्हाला ते ऐकू येण्याचं कारण नव्हतं. पण वन्संनी ते मोठ्याने, स्वच्छ आवाजात परत म्हटलं, जसं रोज म्हणतात तसं.

"ओके सर. कपडे ठीक आहेत, पण हात बघा. मजूर माणूस आहे, आपल्यातला नाही. आत बसला तर बाकीच्यांना कसं वाटेल. राखीव आहे सांगून काढून द्यायचं. ओके सर."

पैलवान स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. एक बाई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. माझ्या नवऱ्याने हात पाठीमागे नेले. ते बघून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्या जड दारावर पर्स आपटली असती.

पुढे कधीतरी मी वन्संना विचारलं, तुम्ही ते मुद्दाम मोठ्याने बोललात की सवयीने? त्या म्हणाल्या, "हात बघा, इथपर्यंत सवयीने."

आम्ही आलो कसे नाही म्हणून मुलगी बाहेर आली. तिच्यामागून तो मुलगा आणि शोरूमवाले. त्यांना काय झालं ते सांगायची वेळच आली नाही. शोरूमवाल्यांनी एका नजरेत सगळा प्रकार ओळखला आणि ते हसले. "अरे, ही माझी माणसं आहेत," ते पैलवानाला म्हणाले. बस. एवढंच. त्या वाक्यासरशी आतून मॅनेजर हसत हसत आला. तरुण होता, सुबक दाढीचा. "सर, तुमचे पाहुणे आहेत हे आधी सांगायचं ना. या, या काका."

काका. आत्ता मजूर होता, आता काका झाला.

"चला हो," शोरूमवाले माझ्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "यांचं असंच असतं. मला ओळखतात म्हणून बरं."

मला वाटलं, आता हा म्हणेल की नाही येत. मी त्याच्याकडे बघत होते, वन्सं बघत होत्या. त्याने मुलीकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि आत गेला. चावणाऱ्या बुटांत, पाय घासत. मी त्याच्यामागून गेले. वन्संच्या शेजारून जाताना मी थांबले, पण त्यांनीच माझ्याकडे बघितलं नाही.

आत थंडगार होतं आणि अर्धा हॉल रिकामा होता. मी काही वाढवून सांगत नाही. खिडकीकडची सगळी रांग रिकामी. प्रत्येक टेबलावर एक छोटी उभी पाटी, राखीव. तो अर्ध्या पँटवाला त्यातल्याच एका टेबलावरची पाटी बाजूला सारून आरामात बसला होता, चप्पल काढून, पाय समोरच्या खुर्चीवर.

शोरूमवाल्या बाई उठल्या नाहीत. "बसा ना," म्हणाल्या. "जागा छान आहे नाही? आम्हाला आवडते. इथे कुणीही येत नाही."

"कुणीही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, कुणीही," त्या म्हणाल्या.

वेटर आला. त्याने शोरूमवाल्यांना विचारलं, त्यांच्या बायकोला, मुलाला, माझ्या मुलीला, अगदी मलाही. माझ्या नवऱ्यासमोर नुसती पेन्सिल थांबवली आणि शोरूमवाल्यांकडे बघितलं. "यांना?" जणू याच्या तोंडात जीभ नाही. माझा नवरा म्हणाला, "मला पाणी." वेटरने पुन्हा शोरूमवाल्यांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, मग त्याने लिहून घेतलं. पाण्यासाठी. काउंटरमागचा तो हसतमुख बारवाला, ज्याचं सगळे लिहून कौतुक करतात, आमच्या टेबलाकडे बघून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. कदाचित दुसऱ्याच गोष्टीला हसले असतील. पण त्या जागेने मला असं करून ठेवलं होतं की प्रत्येक हसणं आमच्यावरच वाटत होतं, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

शोरूमवाले बोलत होते. लग्न कुठे करायचं, किती माणसं, कुठला हॉल. माझा नवरा हं हं करत होता. हात मांडीवर, टेबलाखाली. पाण्याचा ग्लास भरलेला, तसाच. मुलीचं लक्ष त्या ग्लासकडे. तो मुलगा तिला हळूच म्हणाला, "सोड ना आता," आणि तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. रोज लोकांच्या डोळ्यांत बघणारी पोरगी. तिचं ते बघणं मला ओळखीचं आहे.

तेवढ्यात वन्सं आत आल्या.

काळ्या कोटात, कानातली वायर खांद्यावर लोंबत. हॉलमधून सरळ चालत आल्या नाहीत. दारात थांबल्या आणि बघितलं. आधी खिडकीकडची रांग, मग त्या पाट्या, मग टेबलांखाली. मीही बघितलं. कुणाच्या सँडल, कुणाच्या सपाता, कॉलर नसलेले दोघं काउंटरवर. वन्संचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांच्याच घरात त्यांच्याशिवाय वर्षानुवर्षं राहत होतं.

मग त्या पहिल्या टेबलाजवळ गेल्या आणि पाटी उचलली. दुसऱ्या टेबलावरची उचलली. एकावर एक ठेवत, प्लेटा गोळा कराव्यात तशा, शांतपणे सगळी रांग संपवली. अर्ध्या पँटवाल्याला म्हणाल्या, "पाय खाली." त्याने घेतले. सगळी चळत काउंटरवर त्या हसतमुख बारवाल्यासमोर ठेवली. "हे घे. पाहुणे आले नाहीत."

मॅनेजर धावत आला. "ताई, काय करताय? ड्युटीवर आहात तुम्ही. बाहेर जा."

"ड्युटी दारावर ठेवून आले," वन्सं म्हणाल्या. "पैलवान बघेल. त्याच्याकडे वाक्य तयार आहे."

"तुम्हाला कळतंय का, गिऱ्हाइकं बघतायत."

"बघू देत की. मला इतकी वर्षं वाटत होतं टेबल नाही म्हणून माणसं परत जातात. मी त्यांना वर सांगायची, पुढच्या वेळी लवकर या. बूट घालून आलेल्या माणसांना, बायकापोरांसकट आलेल्या माणसांना. मी तोंडाने सांगायची, लवकर या." त्यांनी दाराकडे बोट केलं. "त्यांना मी काय तोंड दाखवू? तुझं दाखवू?"

"हे इथे बोलायचं नाही."

"मग कुठे? बाहेर मला बोलायचं नसतं, आत मला यायचं नसतं."

त्या आमच्या टेबलाशी आल्या. शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि भावाच्या बाजूला बसल्या. शोरूमवाले गोंधळून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

"माझी आत्या," मुलगी म्हणाली.

शोरूमवाल्या बाईंनी मुलाकडे बघितलं. "तू तर म्हणाला होतास आत्या कुठल्या तरी कंपनीत आहे."

"सिक्युरिटी कंपनीच की," मुलगा पुटपुटला.

आमच्या मुलीने त्याला सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. आत्याची फजिती करणारे ते शेरे दोघांनी बसून वाचले होते.

"मला बहिणीशिवाय लग्नाचं बोलता येत नाही," माझा नवरा एकदम म्हणाला. आत आल्यापासूनचं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. "तिने मला वाढवलंय. बसू दे तिला."

मॅनेजर म्हणाला, बसू देता येणार नाही, स्टाफने हॉलमध्ये बसायचं नसतं. वन्सं म्हणाल्या, "मग मी स्टाफ नाही." कोट काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला. आत त्यांचा घरचाच साधा झंपर होता, कोपरावर शिवलेला. तशाच बसून राहिल्या. शोरूमवाल्यांनी बिल मागवलं. वेटरने ते त्यांच्याच हातात दिलं, आणि पुढचं बोलणं नंतर बघू म्हणत सगळे उठलो.

बाहेर बसस्टॉपवर वन्सं भावावर तुटून पडल्या.

"तू आत गेलासच का?"

"मुलीसाठी गेलो ताई."

"तुझे हात बघून तुला हाकललं, आणि दुसऱ्याच्या ओळखीवर तू आत गेलास. मी तुला एवढं घासलं ते यासाठी?"

"तूच म्हणालीस ना, तुझ्या दारातून जायचं. मग तूच का नाही अडवलंस?" तोही चिडला होता. मी त्याला बहिणीवर चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "हाताला धरून म्हणायचं होतंस, जाऊ नकोस. तिथेच मुकाट उभी राहिलीस."

बस आली तशा वन्सं आधी चढल्या आणि वेगळ्या बसल्या. मी दोघांवरही रागावलेली होते आणि मधल्या दांड्याला धरून उभी राहिले.

नोकरी गेलीच. पैलवानाचा एकदा फोन आला. म्हणाला, ताई, नवीन बाई घेतली, पाटी तीच आहे. वन्संनी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं ना सगळं?" तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे." त्या दिवशी वन्संनी आमची सगळी भांडी पुन्हा घासली.

शोरूमवाल्यांचा निरोप आला. झालं ते झालं, आमची काही हरकत नाही. फक्त लग्नाच्या दिवशी आत्याबाईंना जरा सांभाळा. मी तो निरोप मुलीला सांगितला तेव्हा ती चष्म्याच्या काचा पुसत बसली होती. तिने मुलाला फोन लावला, आमच्यासमोरच. सगळं शांतपणे विचारलं. आत्याचं खोटं का सांगितलंस. बाबांना बाहेर अडवलं त्याचं तुला काय वाटलं. पलीकडून तो इतक्या मोठ्याने बोलत होता की आम्हाला ऐकू येत होतं. "त्यात एवढं काय झालं? बाबांनी आत घेतलं ना शेवटी? मग झालं तर."

ती म्हणाली, "हो. झालं." आणि फोन ठेवला. मग म्हणाली, "आई, मी नाही करत."

मी तिला समजवायला गेले नाही. माझ्या नवऱ्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर, आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. त्याला बोचत होतं. त्या दिवशी तो जो आत गेला, पाणी न पिता बसला, ते सगळं हे टिकावं म्हणून. आता तेही राहिलं नाही.

वन्सं संध्याकाळी आल्या आणि ऐकताच भडकल्या. मला वाटलं होतं पाठ थोपटतील.

"मोडलंस? मला न विचारता?"

"तुला कशाला विचारू आत्या?"

"मी नोकरी घालवली ती तुझं लग्न मोडायला नाही. उद्या लोक म्हणतील, आत्या आत घुसली म्हणून पोरीचं फिसकटलं. मी कुणाकुणाचं तोंड धरू?"

"तू नोकरी घालवलीस तुझ्या रागाने," मुलगी म्हणाली. "मी लग्न मोडलं माझ्या रागाने. तुझा राग माझ्या नावावर नको आणि माझा तुझ्या नावावर नको."

"तोंड बघा हिचं. कुणावर गेलीय?"

"तुझ्यावर म्हणतात."

"माझ्यावर असतीस तर आधी चांगला शोधला असतास."

"तुझा तर दाढी करून गेला."

हे वाक्य त्यांच्याशिवाय कुणी म्हणत नाही. वन्संनी पोरीकडे बघितलं आणि मग चपला तशाच पायात ठेवून स्वयंपाकघरात शिरल्या, डबे धडाधड उघडायला लागल्या, चहा कुठे ठेवलाय म्हणून माझ्यावर ओरडल्या, पुन्हा बाहेर आल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. उद्यापासून ती कामाला किती वाजता निघते, हा पोरगा दुकानासमोर येऊन उभा राहिला तर काय करायचं, त्याला काय सांगायचं. पोरगी म्हणत होती, मी माझं बघेन. त्या म्हणत होत्या, तू काय बघणार, तुला नुसते डोळे बघता येतात.

"अगं हळू," आतून माझा नवरा म्हणाला. "दार उघडं आहे. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत," दोघी एकदम म्हणाल्या, आणि भांडण पुढे चालू झालं.